गोल्डवॉटरपंथी वकील आणि गांजाचा अर्ज

गांजा कायदेशीर करा या मागणीसाठी अमेरिकेत झालेली पहिली जाहीर कृती १६ ऑगस्ट १९६४ या रविवारी सॅन फ्रान्सिस्को शहरात घडली, असे मानले जाते. लोवेल एगमायर नावाचा तरुण त्या दिवशी ब्रायंट स्ट्रीटवरच्या ‘हॉल ऑफ जस्टिस’मध्ये शिरला. काही वर्षांपूर्वीच उभ्या राहिलेल्या या इमारतीत पोलीस मुख्यालय होते, फौजदारी न्यायालये होती आणि वरच्या मजल्यांवर तुरुंगही होता. एगमायरने तिथे गांजा भरलेली सिगारेट पेटवली, झुरका घेतला आणि पोलिसांना सांगितले की गांजा कायदेशीर व्हावा यासाठी आपण मोहीम सुरू करत आहोत, आपल्याला अटक करा. पोलिसांनी त्याला लगेच ताब्यात घेतले.

त्या काळी कॅलिफोर्नियात एक सिगारेटभर गांजा जवळ सापडणे हा गंभीर गुन्हा होता. १९६१ मध्ये राज्याने शिक्षा वाढवली होती आणि पहिल्याच गुन्ह्याला एक ते दहा वर्षांचा तुरुंगवास ठरवला होता. हे माहीत असूनही एगमायर स्वतःच्या पायांनी पोलिसांच्या दारात गेला. त्याने झुरका घेतला तो नशेसाठी नव्हे. आरोपी झाल्याशिवाय कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, म्हणून त्याला आरोपी व्हायचे होते.

त्याचे वकीलपत्र घेतले जेम्स आर. व्हाइट यांनी, आणि या प्रकरणाला वेगळे वळण मिळाले ते त्यांच्यामुळे. गांजाची चळवळ म्हटली की लांब केस, गिटार आणि हिप्पी डोळ्यांसमोर येतात. व्हाइट त्यांतले नव्हते. राजकारणात आपण बॅरी गोल्डवॉटर यांच्याही उजवीकडे आहोत, अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली होती. ॲरिझोनाचे सिनेटर गोल्डवॉटर हे त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते, आणि त्यांची उमेदवारी सॅन फ्रान्सिस्कोला लागूनच असलेल्या ‘काऊ पॅलेस’ सभागृहातल्या अधिवेशनात जाहीर होऊन एगमायरच्या अटकेपर्यंत महिनाच उलटला होता. कर कमी, सरकारी खाती कमी, नागरिकाच्या व्यवहारात सरकारची लुडबुड कमी, हा त्यांचा कार्यक्रम. हाच विचार न कचरता शेवटपर्यंत नेला तर माणसाच्या घरात, त्याच्या ताटात आणि त्याच्या चिलमीत डोकावण्याचाही सरकारला अधिकार उरत नाही. गोल्डवॉटर यांचे बहुतेक अनुयायी तिथवर जायला तयार नव्हते. व्हाइट गेले.

या विचाराला इंग्रजीत पुढे लिबर्टेरियन हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला व्यक्तिस्वातंत्र्यवाद म्हणता येईल. त्याचे मूळ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात सापडते. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने व्यक्तीवर सक्ती करावी. केवळ तिच्या भल्यासाठी म्हणून करू नये, हे मिल यांचे सूत्र. महाराष्ट्रात आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर मन लावून वाचले आणि त्यातून सामाजिक सुधारणेचा आग्रह घेतला. अमेरिकेत तेच सूत्र शंभर वर्षांनी एका फौजदारी वकिलाच्या हाती आले आणि गांजाच्या खटल्याला लागू झाले.

ज्या कायद्याशी व्हाइट यांना झगडायचे होते त्याची जडणघडण पन्नास वर्षांची होती, आणि तिच्या आरंभी भारतीय माणूस आहे. १९११ च्या जुलैत कॅलिफोर्नियाच्या औषधविक्री मंडळाचे सदस्य हेन्री फिंगर यांनी वॉशिंग्टनला पत्र लिहून तक्रार केली की राज्यात ‘हिंदू’ लोकांचे लोंढे येत आहेत आणि ते गांजा मागतात. गोऱ्यांनाही ते ही सवय लावतील अशी भीती त्यांनी व्यक्त केली. तेव्हा अमेरिकेत भारतातून आलेल्या कोणालाही हिंदूच म्हणत. प्रत्यक्षात तिथे शेतात आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणारे हे लोक बहुतांशी पंजाबचे शीख होते. त्यांच्यात गांजाचा प्रसार असल्याला आधार फारसा नव्हता. तरीही १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने विषांच्या कायद्यात गांजाचा समावेश केला. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत हेच बोट मेक्सिकन मजुरांकडे वळले, आणि ‘मारिजुआना’ हा मेक्सिकोच्या स्पॅनिशमधला शब्द इंग्रजीत रुळला. परक्या माणसाविषयीचा संशय आधी आला आणि औषधशास्त्र मागून आले, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

केंद्रीय पातळीवर हॅरी ॲन्सलिंगर यांनी बंदीची धुरा वाहिली. १९३० पासून १९६२ पर्यंत ते केंद्रीय अंमली पदार्थ विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या प्रयत्नांनी १९३७ मध्ये ‘मारिजुआना टॅक्स ॲक्ट’ झाला. हा नावाने कराचा कायदा होता. नोंदणी केलेल्या व्यक्तीला हस्तांतर केल्यास औंसामागे एक डॉलर आणि नोंदणी नसलेल्याला केल्यास औंसामागे शंभर डॉलर, असा कर त्यात होता. घटनेनुसार केंद्राला सरसकट बंदी घालता येईल का याची शंका होती, म्हणून ही आडवाट काढली. काँग्रेसच्या समितीसमोर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीने विल्यम वुडवर्ड यांनी विधेयकाला विरोध केला. सरकारने दुष्परिणामांचा प्रत्यक्ष पुरावा दिलेला नाही, वर्तमानपत्रांतल्या कथा दिल्या आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. तो बाजूला सारला गेला. १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी किमान शिक्षा सक्तीच्या केल्या, आणि गांजा जवळ बाळगल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला केंद्रीय कायद्याने दोन ते दहा वर्षे तुरुंग ठरला.

व्हाइट यांनी न्यायालयात दाखल केलेला अर्ज हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी बेकायदा ठरवून सुटका मागणारा होता. त्याचे वजन युक्तिवादापेक्षा पुराव्यात होते. वर्तमानपत्री भयकथांना उत्तर म्हणून त्यांनी ग्रंथालयांत धूळ खात पडलेली अधिकृत चौकशी-वृत्ते बाहेर काढली, आणि त्यांतले सर्वांत जुने व सर्वांत मोठे वृत्त भारतातले होते.

ते म्हणजे ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चे वृत्त. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात दारूबंदीचे पुरस्कर्ते विल्यम केन यांनी बंगालमधल्या गांजाविषयी प्रश्न विचारला. भांग, गांजा आणि चरस यांमुळे प्रजेची नीतिमत्ता ढासळते का, याची चौकशी व्हावी अशी मागणी पुढे आली आणि त्याच वर्षीच्या जुलैत हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला. पंजाबचे अधिकारी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सदस्यांत तीन भारतीय होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. डॉक्टर, जिल्हाधिकारी, मिशनरी, शेतकरी, वैद्य असे सर्व थरांतले लोक त्यांत होते. १८९४ मध्ये सात खंडांचे वृत्त निघाले, आणि त्यातला मुंबई इलाख्यातल्या साक्षींचा भाग आजही मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण नगर जिल्ह्यात तेव्हा परवान्याने गांजाचे पीक घेतले जात होते.

हे पीक मेहनतीचे. नराची झाडे वेळीच ओळखून उपटली नाहीत तर मादीच्या तुऱ्यांत बी भरते आणि गांजाची प्रत जाते. तेवढी ओळख असणारा जाणता माणूस शेतातून हिंडून एकेक नर झाड वेचून काढी. तुरे कापले की ते पसरून पायांनी तुडवत, म्हणजे चीक धरून गांजा चपटा होई. माल सरकारी गुदामात जाई, त्यावर कर भरला जाई आणि मगच तो परवानेवाल्या दुकानात येई. आयोगासमोर जो प्रश्न होता तो या साऱ्या व्यवस्थेचाच होता: ती ठेवावी की बंद करावी?

आयोगाच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजाने वेड लागते ही समजूत सरकारी दप्तरातही पक्की बसली होती. नोंदवहीत वेडाचे कारण लिहायचा एक रकाना असे. रोग्याला आणून सोडणारे पोलीस, काही माहिती नसली तरी, त्यात ‘गांजा’ असे लिहून मोकळे होत. कारणाचा रकाना कोरा ठेवला तर वरून विचारणा येई, आणि गांजा हे कारण कोणाला खटकत नसे. आयोगाने १८९२ सालच्या अशा नोंदी काढून एकेका रोग्याच्या घरी, गावी चौकशी केली. गांजाच्या नावावर टाकलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून कमीच टिकल्या, आणि त्यांतल्याही कितीतरी रोग्यांत दारू किंवा आनुवंशिक दोष असे दुसरे कारणही जोडीला होते. आकड्याचा उगम शोधत रोग्याच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याची ही चिकाटी त्या काळच्या सरकारी चौकशांत विरळाच. निष्कर्षात आयोगाने म्हटले की या पदार्थांच्या माफक सेवनाने जवळजवळ काहीच अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, पण माफक सेवन करणारेच बहुसंख्य आहेत. म्हणून बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. कर आणि परवाने यांनी नियमन करावे, ही त्याची शिफारस.

व्हाइट यांच्या हाती दुसरा दस्तऐवज घरचाच होता. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लागार्डिया यांच्या सांगण्यावरून न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनने नेमलेल्या समितीने पाच वर्षे काम करून १९४४ मध्ये वृत्त दिले होते. मारिजुआनामुळे मॉर्फिनसारखे व्यसन जडत नाही, गंभीर गुन्ह्यांशी तिचा संबंध नाही आणि ती हेरॉईनकडे नेत नाही, असे समितीला आढळले. ॲन्सलिंगर यांनी हे वृत्त मोडीत काढले. त्यानंतर वीस वर्षे ते कोणी फारसे उघडले नव्हते.

या अर्जातला मजकूर ‘मारिजुआना पफ-इन’ या नावाने पुस्तिकेच्या रूपानेही निघाला. नागरी हक्कांच्या चळवळीतले ‘सिट-इन’, म्हणजे जागा अडवून बसण्याचे सत्याग्रह, तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. सॅन फ्रान्सिस्कोतच त्या वर्षी मार्चमध्ये काळ्या लोकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून शेराटन पॅलेस हॉटेलात मोठे धरणे झाले होते. ‘पफ’ म्हणजे झुरका. नाव त्यावरून बेतले. मोहिमेला संघटनेचे रूप आले आणि तिला नाव मिळाले ‘लेमार’: ‘लीगलाइझ मारिजुआना’ या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे जुळवून.

न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. एगमायरच्या अटकेनंतर आठच दिवसांनी, २४ ऑगस्ट १९६४ रोजी, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल विरुद्ध वुडी’ या खटल्यात नवाहो आदिवासींना धर्मविधीत पेयोटे नावाच्या निवडुंगाचे सेवन करण्याची मोकळीक दिली होती. पण ती धर्मस्वातंत्र्याच्या आधाराने. एगमायरच्या बाजूला धर्म नव्हता, नागरिक म्हणून असलेले साधे स्वातंत्र्य होते, आणि नुसत्या स्वातंत्र्याला न्यायालयात त्या दिवसांत तेवढे वजन नव्हते. एगमायर वर्षाच्या आसपास तुरुंगात राहिला. बाहेर आल्यावर तो चळवळीत दिसत नाही. इतिहासाने त्याला जवळजवळ विसरूनच टाकले, आणि हा अन्याय आहे. कारण पुढच्या सर्वांनी जी वाट धरली तिच्यावर पहिले पाऊल त्याने एकट्याने, कोणाचे पाठबळ नसताना टाकले होते.

लेमार मात्र पसरली. १९६४-६५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कवी ॲलन गिन्सबर्ग आणि एड सँडर्स यांनी शाखा काढली. ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्त्रियांच्या तुरुंगासमोर बर्फात निदर्शने झाली. गळ्याशी फलक धरलेल्या दाढीवाल्या गिन्सबर्गचे तिथले छायाचित्र पुढे भिंतीभिंतीवर लागले. गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि वर्षभराहून अधिक काळ भारतात, विशेषतः कोलकाता आणि बनारस येथे राहिला होता. गांजाची चिलीम साधूंच्या हाती उघडपणे फिरताना त्याने पाहिली होती. १९६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात त्याने गांजाबंदीवर दीर्घ लेख लिहिला. डेट्रॉइटमध्ये जॉन सिंक्लेअर, बफेलोच्या विद्यापीठात मायकेल ऑल्ड्रिच यांनी शाखा उभ्या केल्या. चळवळीचा चेहरा दोन-तीन वर्षांत बदलला. व्हिएतनाम युद्धाचा विरोध, रॉक संगीत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीतला १९६७ चा हिप्पींचा उन्हाळा यांच्याशी ती एकजीव झाली. त्याने तिला माणसे मिळाली. पण जिथून ती निघाली तो युक्तिवाद झाकला गेला. गांजा ओढणे हे बंडाचे चिन्ह ठरले, आणि चिन्हाला शिक्षा करणे सरकारला सोपे जाते. राज्यांच्या पोलिसांनी गांजासाठी केलेल्या अटका देशभरात १९६५ मध्ये १८,८१५ होत्या; १९७० मध्ये त्या १,८८,६८२ झाल्या.

१९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांच्या गांजाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३७ चा कराचा कायदा निकामी केला. कर भरायला जाणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे होते, आणि घटना तशी सक्ती करू देत नाही. काँग्रेसने पुढच्याच वर्षी नवा कायदा करून गांजा सर्वांत कडक अनुसूचीत टाकला. त्याच कायद्याने नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ च्या मार्चमध्ये खाजगी वापरासाठी थोडा गांजा बाळगणे गुन्हा ठरवू नये अशी शिफारस केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती धुडकावली.

याच १९७२ सालात व्हाइट यांचा जुना युक्तिवाद उजव्या बाजूने पुन्हा वर आला. एक मे रोजी ‘न्यूजवीक’मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी अंमली पदार्थांच्या बंदीवर लेख लिहिला. प्रौढ माणसाला स्वतःपासून वाचवण्यासाठी सरकारची यंत्रणा वापरण्याचा आपल्याला नैतिक अधिकार नाही, ही त्यांची पहिली बाजू, आणि बंदीने काळा बाजार व भ्रष्टाचारच वाढतो, ही दुसरी. कोलोरॅडोत १९७१ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या लिबर्टेरियन पक्षाने ज्यात कोणाचा बळी जात नाही असे सर्व ‘गुन्हे’ रद्द करण्याची मागणी आपल्या पहिल्याच जाहीरनाम्यात केली. १९७२ च्या अखेरीस टेक्सासचे रिचर्ड कोवन यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ या पुराणमतवाद्यांच्या मुखपत्रात, आपल्या लोकांनी गांजाविषयीची भूमिका बदलावी असा लेख लिहिला, आणि संपादक विल्यम बकली यांनी त्याला साथ दिली. कोवन पुढे ‘नॉर्मल’ या गांजा-सुधारणा संघटनेचे प्रमुख झाले. बंदी जितकी कडक तितका माल जास्त जहाल होतो, कारण लपवून न्यायचे तर कमी जागेत जास्त नशा मावावी लागते, हा ‘बंदीचा पोलादी नियम’ त्यांनी १९८६ मध्ये मांडला. दारूबंदीच्या काळात बिअर मागे पडून कडक दारू का पुढे आली, हेही त्यातून उमगते.

कॅलिफोर्नियात १९७२ च्या नोव्हेंबरात गांजा गुन्ह्यातून वगळण्याचा प्रस्ताव मतदारांसमोर आला. राज्यभरात साधारण एक-तृतीयांश मते पडून तो हरला. सॅन फ्रान्सिस्को शहरात मात्र त्याला बहुमत मिळाले. १९७५ च्या कायद्याने औंसभर गांजा बाळगणे कॅलिफोर्नियात किरकोळ गुन्हा झाला. १९९६ मध्ये औषधी वापराला आणि २०१६ च्या नोव्हेंबरात सुमारे ५७ टक्के मतांनी प्रौढांच्या वापराला परवानगी मिळाली. करही आला, परवानेही आले. हेम्प आयोगाने १८९४ मध्ये सिमल्याहून केलेल्या शिफारशीपाशी कॅलिफोर्निया असा सव्वाशे वर्षांनी पोहोचला.

ज्या देशाच्या आयोगाने ती शिफारस केली तो मात्र उलट दिशेने गेला. अंमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने सही केली होती. गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याचे बंधन त्यात होते. हा करार अमलात आला १३ डिसेंबर १९६४ रोजी, एगमायरच्या अटकेनंतर चारच महिन्यांनी. त्याच्या पूर्ततेसाठी भारताने १९८५ मध्ये अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा केला. गांजा आणि चरस त्यात आले. तुरे नसलेली पाने वगळली गेली, म्हणून भांग वाचली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने २०१९ मध्ये, नव्या कायद्याच्या आधारे, शहरातल्या गांजाविषयीच्या नऊ हजारांहून अधिक जुन्या शिक्षा रद्द किंवा सौम्य करून घेतल्या. त्यासाठी तपासलेले दप्तर १९७५ पर्यंत मागे जाते. हॉल ऑफ जस्टिसमध्ये पेटलेली सिगारेट त्याच्या अकरा वर्षे आधीची आहे.